रनिंग बॅक की वाइड रिसीव्हर : एक अर्थशास्त्रीय पेच

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येतो, आणि माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली ईर्षा येते. मी ज्याविषयी लिहिणार आहे तो फुटबॉल निराळा. तो अमेरिकेत खेळतात. त्यात चेंडू लंबगोल असतो, पाय त्याला क्वचितच लागतो, आणि तरीही त्याचे नाव फुटबॉलच. त्यातही मी तो खेळ खेळत नाही. त्या खेळावर बेतलेला जो दुसरा एक कागदी खेळ आहे, ज्याला तिकडे ‘फँटसी फुटबॉल’ म्हणतात, तो मी दोन हंगाम खेळते आहे. एवढे वाचून प्राध्यापकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे. या कागदी खेळात दरवर्षी एक प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर मला आपल्याच अभ्यासक्रमातल्या रिकार्डोच्या प्रकरणात सापडले.

प्रथम खेळाचे स्वरूप. आयपीएलच्या दिवसांत मोबाइलवर अकरा नावे निवडून गुण मोजत बसणारी मुले आपल्या वसतिगृहात कमी नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांना बंदी केली, तेव्हा त्यातली पैशांची बाजू संपली. आमच्या खेळात पैसा नाही. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ, त्याचे कचेरीतले काही मित्र, दोन भावजया आणि मी, असे बारा जण मिळून आमची लीग आहे. शेवटच्या क्रमांकाला जो येईल त्याने दिवाळी-संमेलनात सर्वांना पुरणपोळ्या करून वाढायच्या, एवढाच दंड. (मला तो टपालाने भरता येत नाही, म्हणून मी शेवटी येऊ नये अशी सर्वांची प्रामाणिक इच्छा असते.)

ऑगस्टअखेर एका ठरल्या दिवशी बारा जण पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंची नावे उचलतात. एकाने उचललेले नाव दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत क्रम एक ते बारा, दुसऱ्या फेरीत उलटा, बारा ते एक. म्हणजे ज्याची पाळी सातवी, त्याला पुढचे नाव थेट अठरावे मिळते. मग सप्टेंबरपासून दर आठवड्याला आपल्या संघातले काही गडी ‘मैदानात’ उतरवायचे. त्यांनी खऱ्या सामन्यात जितके यार्ड चेंडू पुढे नेला, जितके टचडाऊन केले, त्याचे गुण आपल्याला. साधारणतः दहा यार्डांस एक गुण आणि टचडाऊनला सहा.

हा उद्योग आजकालच्या इंटरनेटने काढला असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. १९६२ साली ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख हे संघाबरोबर न्यू यॉर्कला गेले असता हॉटेलात बसून त्यांनी आणि दोघातिघांनी याचे नियम आखले, आणि १९६३ मध्ये ओकलंडमध्ये पहिली निवड झाली. तेव्हा सारा हिशेब कागद-पेन्सिलीने, सोमवारच्या वर्तमानपत्रातले आकडे पाहून होत असे. यंत्र नंतर आले. चढाओढ जुनीच आहे.

आता मूळ प्रश्नातले दोन नायक. रनिंग बॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. कबड्डीतल्या चढाईवीराची कल्पना करा. फरक इतकाच की याच्या अंगावर येणारे सात जण प्रत्येकी सव्वाशे किलोच्या आसपासचे असतात, आणि एका सामन्यात तो पंधरा-वीस वेळा घुसतो. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा असतो. इशारा होताच तो सुटतो, आणि क्वार्टरबॅक नावाच्या सूत्रधाराने लांबून फेकलेला चेंडू झेलतो. सीमारेषेवर धावत झेल घेणारा क्षेत्ररक्षक डोळ्यांपुढे आणावा, पण झेल घेतल्यावर यालाच पुढे धावायचे असते.

कागदी संघात साधारणतः दोन रनिंग बॅक आणि दोन-तीन रिसीव्हर लागतात. शिवाय एक जागा अशी, जिथे दोहोंपैकी कोणीही चालतो. म्हणजे पेच दोनदा पडतो : एकदा ऑगस्टमध्ये पहिले नाव उचलताना, आणि पुन्हा दर रविवारी ही मोकळी जागा भरताना.

दोघांत श्रेष्ठ कोण, असे विचारू गेल्यास उत्तर मिळत नाही, कारण श्रेष्ठत्व नियमांवर ठरते. काही लीगमध्ये प्रत्येक झेलाला वेगळा एक गुण देतात, काहींत अर्धा, काहींत मुळीच नाही. याने केवढा उलटापालट होतो पाहा. २०२० साली टेनेसीच्या डेरिक हेन्रीने धावून २,०२७ यार्ड काढले, १७ टचडाऊन केले, आणि १९ झेल घेऊन आणखी ११४ यार्ड मिळवले. २०२१ साली लॉस एंजेलिसच्या कूपर कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाऊन अशी करामत केली. (२०२१ पासून हंगामात सोळाऐवजी सतरा सामने झाले, हे ध्यानात ठेवावे.) किरकोळ जमा-वजा सोडून दिली, तर झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये हेन्रीचे ३१६ आणि कपचे २९१ होतात. प्रत्येक झेलाला एक गुण दिला की हेन्री ३३५ वर राहतो आणि कप ४३६ वर जातो! दोघांनी मैदानावर केलेले काम तेच. कागदावरची एक ओळ बदलली आणि राजा बदलला. म्हणून ज्याला आपल्या लीगचा झेलाविषयीचा नियम ठाऊक नाही, त्याने हा वाद घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रिकार्डोकडे वळते. डेव्हिड रिकार्डोने १८१७ च्या आपल्या ग्रंथात जमिनीच्या खंडाची जी उपपत्ती सांगितली ती आपण सर्वांनी परीक्षेपुरती पाठ केलेली आहे. सुपीक जमिनीला खंड का मिळतो? ती पुष्कळ पिकवते म्हणून नव्हे. लागवडीखाली असलेल्या सर्वांत निकृष्ट, म्हणजे सीमान्त जमिनीपेक्षा ती जितके अधिक पिकवते, तितका तिचा खंड. सगळीच जमीन सारखी सुपीक असती तर कुणी कुणाला खंड दिला नसता.

हे सूत्र खेळाडूंना लावून पाहा. बारा संघांत प्रत्येकी दोन, म्हणजे चोवीस रनिंग बॅक दर आठवड्याला लागणार. पंचविसावा हा आपला सीमान्त खेळाडू, जो कुणालाही फुकट मिळू शकतो. रिसीव्हरांचेही तसेच. सोयीसाठी काही आकडे धरू. समजा सर्वोत्तम रिसीव्हर हंगामात ३१० गुण करतो आणि पंचविसावा २००. सर्वोत्तम रनिंग बॅक ३०० करतो आणि पंचविसावा १४०. रिसीव्हर दहा गुणांनी सरस दिसतो. पण त्याचा खंड ११० आणि रनिंग बॅकचा १६०. अशा वेळी पहिला उचलायचा तो रनिंग बॅक. अमेरिकेत जो ब्रायंट नावाच्या लेखकाने १९९० च्या दशकात नेमकी हीच रीत या खेळात रूढ केली. मी दादाला म्हणाले, “हे तर आमच्या रिकार्डोचे!” तो म्हणाला, “तुमचा रिकार्डो आमच्या लीगमध्ये असता तर पुरणपोळ्या त्यानेच केल्या असत्या, त्याला दुखापतींचा हिशेब ठाऊक नव्हता.” दादा अभियंता आहे, त्याचे सोडून देऊ. मात्र दुखापतीचा मुद्दा त्याचा खरा आहे आणि त्याकडे मी येतेच.

त्याआधी रनिंग बॅकांची टंचाई कशाने होते ते सांगते. संघ बत्तीस. आजच्या पद्धतीत बहुतेक चालींत एका संघाचा एकच रनिंग बॅक मैदानात असतो आणि रिसीव्हर तीन. म्हणजे पहिल्या पसंतीचे रनिंग बॅक जेमतेम बत्तीस, त्यातही बऱ्याच संघांनी काम दोघांत वाटलेले. रिसीव्हर मात्र शंभराच्या घरात. शिवाय वारा रिसीव्हरांच्या बाजूने वाहतो आहे. १९७८ साली नियम बदलून, पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देऊन अडवायला बंदी झाली. त्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खेळ उत्तरोत्तर फेकण्याचा होत गेला. रिसीव्हरांचे पीक मुबलक आले, आणि काम एकहाती उपसणारा रनिंग बॅक दुर्मीळ झाला.

मग सर्वांनी डोळे मिटून रनिंग बॅकच का घेऊ नये? कारण ही सुपीक जमीन वाहून जाते. सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिश्चन मॅकॅफ्री हे ढळढळीत उदाहरण. २०१९ मध्ये, तेव्हा तो कॅरोलायनात होता, त्याने धावून १,३८७ आणि झेलून १,००५ यार्ड काढले. पुढच्या हंगामात तो फक्त तीन सामने खेळू शकला. २०२३ मध्ये पुन्हा २१ टचडाऊन. साहजिकच २०२४ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक लीगांत पहिले नाव त्याचेच उचलले गेले. पायाच्या दुखण्याने तो नोव्हेंबरपर्यंत उतरलाच नाही आणि एकूण चार सामने खेळून गुडघा दुखावून बाहेर पडला. याउलट रिसीव्हरांची हाडे काही लोखंडाची नसतात, पण त्यांच्यावर होणारे आघात मोजून कमी असतात.

याच अनुभवातून २०१३ च्या सुमारास एक बंडखोर मत पुढे आले : सुरुवातीच्या फेऱ्यांत रनिंग बॅक घेऊच नये, उत्तम रिसीव्हर गोळा करावेत आणि रनिंग बॅकांचे राखीव गडी स्वस्तात उचलून ठेवावेत. हंगाम सरकेल तसे बडे रनिंग बॅक पडत जातात आणि त्यांचे सगळे काम जसेच्या तसे राखीव गड्याकडे येते. मॅकॅफ्री बसला त्या २०२४ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या जागी जॉर्डन मेसन उतरला आणि त्याने १४७ यार्ड काढले. त्याचे नाव आदल्या आठवड्यापर्यंत आमच्या लीगमधल्या कुणाच्या यादीत नव्हते. रिसीव्हरच्या बाबतीत असे होत नाही. एक जायबंदी झाला तर त्याच्याकडे येणारे चेंडू चार जणांत वाटले जातात. वारस एकटा गादीवर बसत नाही.

रिसीव्हरची खरी व्यथा दुसरी आहे, ती पराधीनतेची. २०२३ च्या सप्टेंबरात न्यू यॉर्क जेट्सचा नवा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स हंगामाच्या चौथ्याच चालीत टाच धरून खाली बसला. त्याच्या भरवशावर लोकांनी गॅरेट विल्सन हा रिसीव्हर मोठ्या हौसेने उचलला होता. विल्सन सगळे सामने खेळला, ९५ झेल घेतले, हजाराहून अधिक यार्ड काढले. पण टचडाऊन अवघे तीन. धावणारा तोच, पाय तेच, फेकणारा हात तेवढा बदलला.

दर रविवारच्या मोकळ्या जागेचा प्रश्न याहून सोपा आहे. आपल्याकडे रात्री साडेदहाला (नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकराला) पहिले सामने सुरू होतात, त्यापूर्वी निर्णय द्यावा लागतो. माझी रीत अशी की खेळाडूचे नाव विसरून त्याला चेंडू किती वेळा मिळेल ते आधी अजमावायचे. एक धाव सरासरीने सव्वाचार यार्डांच्या आसपास देते, म्हणजे ०.४ गुण. एक झेल दहा-अकरा यार्ड देतो. झेलाला एक गुण असेल तर दोनाच्या आसपास गुण होतात. म्हणजे फेकलेल्या दहा चेंडूंपैकी साडेतीन-चार हुकले, तरी रिसीव्हरच्या दिशेने आलेला एक चेंडू रनिंग बॅकच्या तीन-चार धावांइतका भारी. पण झेलाला गुणच नसेल तर पारडे लगेच सावरते. मग हेही पाहायचे की त्याचा संघ जिंकण्याची शक्यता किती. पुढे असलेला संघ धावतो, कारण धावल्यावर घड्याळ चालू राहते आणि वेळ संपवता येतो; मागे पडलेला संघ फेकतो, कारण झेल हुकला तर घड्याळ थांबते. म्हणून जिंकणाऱ्या संघाचा रनिंग बॅक आणि हरणाऱ्या संघाचा रिसीव्हर, ही दोन नावे मी सहसा बसवून ठेवत नाही. सोसाट्याचा वारा असेल तर फेक बिघडते. पावसाने मात्र लोक समजतात तितके बिघडत नाही. एवढे पाहिले की झोपायला हरकत नसते, पण झोप येत नाही ती गोष्ट निराळी.

इथवर सारा कागदी हिशेब झाला. मला ज्याने खरे बुचकळ्यात टाकले ते पुढेच आहे. आमच्या खेळात रनिंग बॅक दुर्मीळ, म्हणून महाग. मग खऱ्या बाजारात त्याला सोन्याने मढवत असतील, असे मी धरून चालले होते. २०२३ चे आकडे पाहा. तिकडे असा नियम आहे की करार संपलेल्या एका खेळाडूला संघ एका ठरावीक रकमेत वर्षभर अडवून ठेवू शकतो; ती रकम त्या त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या पगारांवरून काढतात. त्या वर्षी रिसीव्हरसाठी ती सुमारे १ कोटी ९७ लाख डॉलर होती. रनिंग बॅकसाठी १ कोटीच्या किंचित वर. निम्मी! त्या जुलैत नामवंत रनिंग बॅकांनी दूरदृश्य-बैठक भरवून आपले गाऱ्हाणे एकमेकांना सांगितले, पण हाती काही लागले नाही.

असे का व्हावे? जॉर्डन मेसनकडे पुन्हा पाहावे लागेल. माझ्या दृष्टीने रनिंग बॅक दुर्मीळ आहे, कारण मोजून बत्तीस जणांना ते काम मिळते. मालकाच्या दृष्टीने तो मुळीच दुर्मीळ नाही, कारण ते काम दुसरा जवळजवळ तितकेच करून देतो. दुर्मीळ आहे ती जागा, माणूस नव्हे. रिकार्डोच्या भाषेत, मालकाची सीमान्त जमीनही बऱ्यापैकी पिकते, तेव्हा सुपीक जमिनीला खंड उरत नाही. त्यात २०११ च्या करारापासून निवडीतून आलेल्या नवख्या खेळाडूचा पहिल्या चार वर्षांचा पगार बांधून टाकलेला आहे. रनिंग बॅकची उमेदीची वर्षे नेमकी तीच. वाटाघाटीची वेळ येते तेव्हा गुडघे बोलू लागलेले असतात आणि मालक ते ऐकून असतो. आपल्याकडे ऊसतोडणी कामगारांच्या प्रश्नावर वर्गात चर्चा झाली होती तेव्हा सरांनी एक वाक्य फळ्यावर लिहिले होते : कामाची गरज आणि कामगाराची गरज या दोन वेगळ्या मागण्या आहेत. दोन गोष्टींची तुलना ओढूनताणून आहे हे मला कळते, कारण कोटी डॉलर मिळवणारा मनुष्य काही उपाशी नाही. पण सूत्र तेच लागू पडते.

सॅक्वॉन बार्कलीची हकीकत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. २०२० च्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. त्या रात्री त्याला यादीत घेऊन बसलेल्या हजारो लोकांनी काय केले असेल? त्याचे नाव खाली सरकवले आणि बदली नाव शोधले. आमच्या पडद्यावर खेळाडूपुढे तांबडे अक्षर उमटते, त्याचा अर्थ एवढाच की गुण येणार नाहीत. २०२३ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सने त्याला त्या अडवणुकीच्या नियमाखाली एक वर्ष ठेवले आणि २०२४ मध्ये जाऊ दिले. तो शेजारच्या फिलाडेल्फियाकडे गेला, त्या हंगामात धावून २,००५ यार्ड काढले, आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामना जिंकणाऱ्या संघात होता. त्याच्यामागून लगेच रनिंग बॅकांना बरे दिवस आले असे म्हणतात. मला ते एका पिकावरून पाऊसमान ठरवण्यासारखे वाटते.

राहिला आमच्या लीगचा प्रश्न. आमच्यात झेलाला अर्धा गुण आहे, म्हणजे पारडे ना इकडे ना तिकडे. सातवी पाळी आली तर पहिल्या सहांत रनिंग बॅक किती गेले ते मी मोजेन. चार गेले असतील तर रिसीव्हर, दोनच गेले असतील तर रनिंग बॅक. आणि अठराव्या पाळीला जे पहिल्यांदा घेतले नाही ते. दादाचे असे काही मोजमाप नसते. त्याचा पहिला रनिंग बॅक ऑगस्ट उजाडायच्या आत ठरलेला असतो, आणि शेवटच्या फेरीत, सगळे जांभया देत असताना, तो त्याच संघाचा राखीव गडी गुपचूप उचलून ठेवतो.